सामूहिक वनहक्काचा दावा पाड्याने स्वतः कसा करायचा

9 ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन झाला की दरवर्षी माझ्या फोनवर मेसेज यायला लागतात. मिरवणुकीत कुणीतरी बोललेलं असतं की जंगल आपलं आहे, कायदा आपल्या बाजूने आहे, आणि मग घरी गेल्यावर पोरंपोरी विचारतात, ताई आपल्या पाड्याचा दावा टाकलाय का, नसेल तर कसा टाकायचा, फॉर्म कुठे मिळतो, किती पैसे लागतात. एकेकाला फोनवर सांगताना माझं अर्धं राहून जातं म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी वकील नाही. आमच्या पाड्याचा दावा झाला तेव्हा मी त्यात होते आणि नंतर आजूबाजूच्या पाच पाड्यांच्या फाईली करताना सोबत बसले, तेवढ्यातून जे कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट, पैसे लागत नाहीत. दाव्याला फी नाही आणि फॉर्म फुकट द्यायचं काम उपविभागीय समितीचं आहे, म्हणजे प्रांत ऑफिसचं. कुणी फाईल करून देतो म्हणून घरामागे पाचशे मागत फिरत असेल तर एक रुपया देऊ नका. बाहेरच्याने करून दिलेली फाईल टिकत पण नाही, कारण पाहणीला साहेब आले आणि विचारलं की शीव कुठून कुठे जाते तर ते त्या माणसाला सांगता येत नाही, ते तुमच्या आजीला सांगता येतं.

कायदा नेमका कोणता ते आधी समजून घ्या. 2006 चा अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांचा कायदा, आपण वनहक्क कायदा म्हणतो तो. त्याचे नियम 2008 ला आले आणि 2012 ला त्यात मोठी दुरुस्ती झाली, म्हणून कुठलीही जुनी पुस्तिका हातात पडली तर ती 2012 च्या आधीची आहे का ते बघा, आकडे बदललेत. दावे तीन प्रकारचे. फॉर्म अ घरटी, म्हणजे 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी वनजमीन आपण कसतोय किंवा जिथे राहतोय तिचा, जास्तीत जास्त 4 हेक्टर. फॉर्म ब पाड्याच्या वापराचा, म्हणजे मोह, मध, डिंक, बांबू, चराई, मासे-खेकडे, राबाचा म्हणजे शेत भाजायचा पाला, जळण, सगळं. आणि फॉर्म क म्हणजे सामूहिक वनसंसाधन, ऑफिसात सगळे याला सीएफआर म्हणतात, किंवा कलमाच्या नंबरावरून थ्री-वन-आय. यात गावाला आपल्या पारंपरिक शिवेतलं जंगल राखायचा, वाढवायचा आणि त्याचा कारभार करायचा हक्क मिळतो, आणि क्षेत्राला कुठलीच कमाल मर्यादा नाही. राखीव जंगल असो, संरक्षित असो, अभयारण्य असो, शिवेत येत असेल तर येतं.

बहुतेक पाड्यांवर फक्त अ फॉर्मची धावपळ होते, आणि ते मला समजतं कारण जमीन पोटाचा प्रश्न आहे. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या मोर्चात आमच्या घरातलेपण होते, सहा दिवस, जवळजवळ 180 किलोमीटर, आणि शेवटच्या रात्री दहावीच्या पोरांच्या पेपराला अडचण नको म्हणून सगळे अंधारातच सोमय्या मैदानावरून आझाद मैदानाला चालत गेले, तेव्हा माझ्या आत्याच्या पायाची सालं निघाली होती. त्या मोर्च्याची मोठी मागणी वनपट्टेच, म्हणजे कसत्या वनजमिनीचे घरटी हक्काचे कागद, हीच होती. पण पट्टा एका घराचा होतो आणि दळायला मोह, छपराला कारवी, जून महिन्यात शेवळं ज्या डोंगरावरून येतात तो डोंगर कुणाच्याच पट्ट्यात येत नाही. तो डोंगर फॉर्म ब आणि क मध्ये येतो. म्हणून माझं सांगणं असतं की तिन्ही फॉर्मचं काम एकत्र काढा, पुरावे तेच लागतात आणि सभा पण त्याच.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) तुम्ही ऐकलं असेल, धानोरा तालुक्यातलं. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं देशातलं पहिलं गाव, सोबत मर्दा गाव. सुमारे 1800 हेक्टर जंगल. पण कागद मिळाला म्हणून लगेच सगळं झालं असं नाही हां, बांबू गौण वनोपज (म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) आहे हे कायद्याच्या व्याख्येत सरळ लिहिलेलं असूनसुद्धा वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या हातात यायला एप्रिल 2011 उजाडलं, त्यासाठी केंद्राचे तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले होते. आणि चंद्रपूरचं पाचगाव, गोंडपिपरी तालुका, त्यांनी हक्क मिळाल्यावर बांबू स्वतः विकला पण तेंदूपत्ता तोडणं बंद करायचं ठरवलं, कारण तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलाला आग लावली जाते आणि मग फळ मिळत नाही. हे ठरवणारे गावाचेच लोक. मला हा पाचगावचा दाखला सगळ्यात आवडतो, कारण आपल्याला नेहमी ऐकवतात की आदिवासींच्या हातात जंगल दिलं की संपेल.

आता कामाला लागूया.

सुरुवात ग्रामसभेपासून, आणि इथेच पहिला घोळ होतो. ग्रामपंचायतीत आठ-दहा पाडे असतात आणि ग्रामसेवक सगळ्यांची मिळून एकच सभा लावतो. तसं करू नका. वनहक्कासाठी तुमच्या पाड्याची, टोल्याची स्वतःची ग्रामसभा घेता येते, अनुसूचित क्षेत्रात तर पेसा कायद्याप्रमाणे (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) गाव म्हणजे जी वस्ती आपला कारभार आपल्या रूढीपरंपरेने चालवते ती, आणि महाराष्ट्राचे 2014 चे पेसा नियम आहेत त्यात पाड्याला वेगळं गाव म्हणून घोषित करून घ्यायची पद्धत दिलेली आहे. पाच पाडे मिळून सभा घेतली तर कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, कधीच भरत नाही आणि शिवेवरून भांडणं होतात ती वेगळीच.

कोरमचं गणित नीट डोक्यात ठेवा. ग्रामसभेत 18 वर्षांवरचे सगळे येतात, त्यातले निम्मे हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. पाड्यात 140 मतदार असतील तर 70 जण, आणि 70 मध्ये निदान 24 बाया. दाव्यांवर ठराव करायचा असेल त्या दिवशी दावेदारांपैकी निम्मे, किंवा त्यांच्या घरचं कुणीतरी, हजर पाहिजे. आमची पहिली फाईल याच्यामुळेच परत आली होती. सभा झाली भर लावणीच्या दिवसात, बाया शेतात, गडी तेवढे समाजमंदिरात बसलेले, आणि बायांचे अंगठे नंतर घरोघर फिरून घेतले. तपासणाऱ्याने रजिस्टर उघडलं आणि एकाच शाईपॅडचे एकामागोमाग एक अंगठे बघून विचारलं की या बाया नक्की सभेत होत्या का. आम्ही काय बोलणार. आठ महिने गेले त्यात. तेव्हापासून आम्ही सभा ठेवतो ती संध्याकाळी, जेवणं उरकल्यावर, आणि बाया आल्या नाहीत तर सभा सुरूच करत नाही. आणि बाया आल्यावर फाईलपण सुधारते, ते पुढे सांगते.

याच पहिल्या सभेत वनहक्क समिती निवडायची. 10 ते 15 माणसं, त्यात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीची आणि निदान एक तृतीयांश बाया. समितीत अध्यक्ष आणि सचिव निवडायचे, आणि ग्रामसेवकालाच सचिव करायची जी सवय आहे ती सोडा. लिहिता-वाचता येणारी पाड्यातली पोरगी सचिव करा, अक्षर कसंही असू दे. समितीची नावं ठरावात लिहून उपविभागीय समितीला कळवायची आणि त्या पत्राची पोच घ्यायची. पोच हा शब्द मी अजून दहा वेळा लिहिणार आहे, कंटाळू नका. आमच्या शेजारच्या पाड्याची अख्खी फाईल एका ऑफिसात हरवली, मूळ कागद, सगळं, आणि त्यांच्याकडे शिक्का मारलेली एक चिठ्ठी पण नव्हती. शून्यापासून परत करावं लागलं आणि मधल्या काळात ज्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब होते ती वारली.

तुमचं एक रजिस्टर करा, जाडं, दोरी बांधलेलं, पानांवर नंबर टाकून. त्यात तारीख, कोण आलं, काय ठरलं, कुठलं पत्र गेलं, कुणी घेतलं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेलं ठराव नसतं.

मग पुरावे. नियम 13 मध्ये यादी आहे आणि त्यातले निदान दोन प्रकारचे पुरावे लागतात. ऑफिसात तुम्हाला सांगतील की 2005 चा उपग्रहाचा फोटो दाखवा, त्यात शेत दिसलं तर बघू. तर 2012 च्या दुरुस्तीत साफ लिहिलंय की उपग्रहाचा फोटो बाकी पुराव्यांना जोड म्हणून चालेल, त्यांच्या जागी नाही. आपल्याकडे नाचणी-वरईचं डोंगरउतारावरचं शेत, मध्ये ठेवलेली मोहाची झाडं, असलं शेत वरून जंगलच दिसतं. तो नियम, 12-क चा अकरावा मुद्दा, त्याची झेरॉक्स काढून फाईलीत पहिल्या पानालाच लावा. इंग्रजीत 12-ए म्हणतात तोच.

कागदांचं म्हणाल तर मतदारयादी, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती हे सगळे जोडतातच. पण मला जे सांगायचंय ते वेगळं आहे. घरात म्हाताऱ्यांच्या पेट्या उघडा. माझ्या आज्याची पत्र्याची पेटी आम्ही उघडली तेव्हा तंबाखूच्या डबीत घडी घालून ठेवलेली जंगल खात्याची दंडाची पावती निघाली, कडा उंदराने खाल्लेल्या, पण तारीख शाबूत, कंपार्टमेंट नंबर (जंगल खात्याने जंगलाच्या तुकड्याला दिलेला नंबर) शाबूत, आणि कारण लिहिलेलं, बेकायदा नांगरट, दंड बारा रुपये. आजी सांगायची की त्या बारा रुपयांसाठी त्याने बकरी विकली होती आणि आठवडाभर तो कुणाशी बोलला नव्हता. तीच पावती आज पुरावा आहे की आमचा आजा त्या जागेवर त्या वर्षी नांगर धरत होता, आणि तो पुरावा खुद्द सरकारने शिक्का मारून दिलाय. म्हणून दंडाच्या पावत्या, जंगल खात्याचे खटले, समन्स, जप्तीनामे, कुऱ्हाड-कोयता जमा केल्याच्या चिठ्ठ्या, एकसाली प्लॉटचे (वर्षाच्या कराराने कसायला दिलेल्या वनजमिनीचे) कागद, जे निघेल ते शोधा. कुणी लाजेने लपवून ठेवलेलं असतं, त्यांना समजावून सांगा.

विदर्भात असाल तर निस्तार पत्रक तहसील ऑफिसातून काढा, त्यात कुठल्या गावाला कुठल्या जंगलातून काय नेता येतं हे गावागणिक लिहिलेलं आहे, सामूहिक दाव्याला त्याच्याइतका भक्कम कागद दुसरा नाही. आपल्या ठाणे-पालघर-नाशिकच्या पट्ट्यात जुने गॅझेटिअर, जंगल खात्याचे वर्किंग प्लॅन, राबाच्या आणि चराईच्या सवलतींच्या नोंदी बघा. ऑफिसातून कागद देत नसतील तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका, 30 दिवसात उत्तर द्यावं लागतं. आणि जंगलाचे, महसूलचे नकाशे आणि मतदारयादी ग्रामसभेला द्यायचं काम उपविभागीय समितीचंच आहे, ते मेहरबानी म्हणून मागू नका, नियम 6 चा उल्लेख करून मागा.

कागद नसले तरी घाबरायचं कारण नाही. विहीर, बांध, घराचं जोतं, मसणवट, देवाची जागा हे सगळं नियमात पुरावा म्हणून धरलंय. आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब. यात एक अट आहे की जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा, आणि जबाब लिहून घेतलेला असावा. जबाब घेताना साहेबी भाषेत लिहू नका. "सदर इसम वहिवाट करीत आहे" असलं लिहिलं की सगळ्यांचे जबाब सारखेच दिसतात आणि कुणी विश्वास ठेवत नाही. माणूस बोलला तसं लिहा. आमच्याकडे एका आजीने सांगितलं की माझं लगीन झालं तेव्हा या मोहाखाली वऱ्हाड जेवलं आणि तेव्हा तो मोह माझ्या दोन्ही हातात मावायचा, आता तिघांना धरावा लागतो. ते तसंच्या तसं लिहिलं आणि खाली मोहाचा फोटो लावला, तिघंजण कवटाळून उभे. पाहणीच्या वेळेला साहेबाने तो मोह स्वतः जाऊन बघितला.

बायांचं इथे येतं बघा. गड्यांना विचारलं की जंगलातून काय काय आणता तर सांगतात लाकूड, मध, बांबू आणि थांबतात. बायांना विचारलं तर आमची यादी तीन पानं झाली. शेवळं कुठल्या ओहोळाला येतात, करटोली कुठे, कंद कुठला कडू आणि कितीदा उकळायचा, बाळंतिणीला कुठली साल, कुठल्या डोहात पावसाच्या पहिल्या पाण्याला मासे चढतात, झाडूचा शिंदोळा कुठला. हे सगळं फॉर्म ब मध्ये जातं, आणि जागेच्या नावासकट गेलं तर शिवेला पण आधार मिळतो, कारण वर्षानुवर्षं ज्या ओहोळाची भाजी तुम्ही खाताय तो तुमच्या वापरात आहे हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

शिवफेरी

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात मजेचं काम. नकाशा घरात बसून काढायचा नाही. होळीच्या आधी, पानगळ झाली की जावं, लांबपर्यंत दिसतं आणि साप कमी. म्हातारी माणसं पुढे, ज्यांना चालवत नाही त्यांना जिथवर गाडी जाते तिथवर न्या आणि तिथून हाताने दाखवू दे. सोबत फोन असलेली दोन पोरं, जीपीएसचं कुठलंही फुकट ॲप चालतं, ट्रॅक चालू ठेवून शिवेवरून चालायचं आणि प्रत्येक खुणेला थांबून पॉईंट घ्यायचा, फोटो काढायचा आणि वहीत नाव लिहायचं. फोन दोन ठेवा, एकाची बॅटरी डोंगरात मरतेच, आणि वही तर पाहिजेच.

आमच्या शिवफेरीला सकाळी सातला निघालो ते दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. मध्ये एका खिंडीत पोरांच्या नकाशावर शीव सरळ जात होती आणि म्हातारा बाबा म्हणाला नाही, इथून खाली वळते. पोरं हुज्जत घालायला लागली. बाबा काही बोलला नाही, कुड्याच्या झुडपात शिरला, पालापाचोळा हाताने बाजूला केला आणि खाली वाघदेवाचा दगड, अर्धा मातीत गेलेला, त्याच्यावर चंद्र-सूर्य कोरलेले आणि शेंदराचा जुना थर काळा पडलेला. म्हणाला, माझा बाप वाघबारशीला इथे नारळ फोडायचा, पलीकडचे त्यांच्या दगडाला फोडायचे. सगळे गप्प झाले. त्या एका दगडाने आमच्या शिवेत एक अख्खा ओहोळ आला. म्हणून खुणा लिहिताना देव, खडक, धबधबा, जुनं झाड, पायवाट, डोंगराची सोंड, सगळ्यांची आपल्या भाषेतली नावं जशीच्या तशी लिहा, वारली, कोकणा, ठाकरी, भिली, गोंडी जी असेल ती. सरकारी नकाशावरच्या नावाने लिहायला गेलात तर म्हाताऱ्यांना पण कळणार नाही कुठली जागा ते.

शिवफेरीला शेजारच्या पाड्यांना आधीच निरोप द्या, त्यांची चार माणसं सोबत असू द्या. फॉर्म क मध्ये लागून असलेल्या गावांची नावं आणि त्यांच्याबरोबर जंगल कसं वाटून वापरता हे लिहायची जागाच आहे. शीव म्हणजे कुंपण नाही, त्यांची गुरं आपल्या डोंगराला येतात, आपल्या बाया त्यांच्या रानात कारवीला जातात, ते तसंच लिहायचं की दोन्ही पाड्यांचा सामाईक वापर आहे. दोन गावांचे दावे एकाच जागेवर आले तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून काय ते ठरवायचं आणि आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यायचं, तिथे नाहीच मिटलं तर उपविभागीय समितीकडे जातं. माझा अनुभव असा की म्हाताऱ्या एकत्र बसल्या की अर्ध्या दिवसात मिटतं, पुढारी बसले की दोन वर्षं.

आता फॉर्म क भरायचा. दीड पानाचा आहे, त्याला घाबरण्यासारखं काही नाही. गाव, ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा, मग ग्रामसभेच्या सगळ्या सदस्यांची यादी वेगळ्या कागदावर, प्रत्येकाच्या नावापुढे अनुसूचित जमातीचा की इतर पारंपरिक वननिवासी ते लिहायचं. पाड्यात दोन-चार घरं दुसऱ्या समाजाची असली तरी सामूहिक दाव्याला त्याने अडत नाही. घरटी दाव्याला मात्र इतर समाजाला तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, त्यांना जबाब आणि जुनी रेकॉर्ड जास्त शोधावी लागतात, त्यांची मदत करा. कंपार्टमेंट नंबर माहीत असतील तर लिहा, फॉर्ममध्येच म्हटलंय की माहीत असल्यास, म्हणून नंबर नाही म्हणून फॉर्म नाकारता येत नाही. मग शेजारची गावं, पुराव्यांची यादी, शिवफेरीचा नकाशा आणि सह्या-अंगठे.

कातकरी, कोलाम, माडिया गोंड या तीन जमाती आपल्या राज्यात अतिअसुरक्षित गटात येतात, त्यांना अख्ख्या अधिवासाचा हक्क मागता येतो. कातकरी वाडीत काम करत असाल तर हे लक्षात ठेवा, कारण तिथे स्थलांतरामुळे लोक वर्षातले सहा महिने वीटभट्टीवर असतात आणि सभा त्यांच्या येण्याच्या दिवसात घ्यावी लागते.

पाहणी. वनहक्क समितीने तारीख ठरवायची आणि जंगल खात्याला आणि महसूलला लेखी कळवायचं की अमुक दिवशी पाहणी आहे, या. पोच घ्यायची. ते आले तर पंचनाम्यावर सही, हुद्दा, तारीख आणि त्यांचं जे म्हणणं असेल ते त्यांच्याच हाताने लिहून घ्यायचं. नाही आले तर पाहणी करा, आणि लिहा की कळवूनसुद्धा हजर नव्हते. पुढे त्यांनी हरकत घेतली की आम्ही नव्हतो तर दावा फेरपाहणीला एकदा परत येतो, आणि तेव्हाही ते नाही आले तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम धरायचा असं नियमातच आहे. एका पाड्यावर बीटगार्ड आला, सगळं फिरला, भाकरी खाल्ली आणि सही न करता गेला. आता आम्ही आधी सही, मग जेवण.

समितीने आपला अहवाल ग्रामसभेपुढे वाचायचा, मोठ्याने, नकाशा भिंतीला लावून. मग ठराव. ठरावाची ताकद कमी समजू नका. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साईटची खाण येणार होती, 18 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ग्रामसभांना विचारा, आणि डोंगरिया कोंध लोकांच्या 12 च्या 12 ग्रामसभांनी नाही म्हणून ठराव केले, खाण आली नाही. त्या पण आपल्यासारख्याच पाड्यावरच्या सभा होत्या.

फाईलीच्या तीन प्रती करा. मूळ प्रत शक्यतो दोन-तीन जणांनी मिळून जाऊन उपविभागीय समितीकडे द्या, प्रत्येक पानावर नंबर, वर अनुक्रमणिका, आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही. आवक-जावकवाला म्हणेल ठेवून जा, नंतर शिक्का मारतो. थांबा तिथेच. कायद्यात दावा टाकायची शेवटची तारीख नाही, म्हणून कुणी म्हणालं की मुदत संपली तर ते लेखी द्या म्हणायचं.

पुढे उपविभागीय समिती तपासते आणि जिल्हा समितीकडे पाठवते, तिथे कलेक्टर अध्यक्ष असतात आणि तिथून हक्क मंजूर होतो. इथे वेळ जातो, खोटं कशाला सांगू. दोन-अडीच महिन्यांनी एकदा लेखी विचारत राहा. दावा नाकारला किंवा क्षेत्र कापलं तर कारणासकट लेखी द्यावं लागतं, दावेदाराच्या हातात, आणि खरं तर परस्पर नाकारण्याऐवजी आधी ग्रामसभेकडे फेरविचाराला परत पाठवायला पाहिजे. नाकारल्याचं कळल्यापासून 60 दिवसात अपील. ग्रामसभेच्या निर्णयावर उपविभागीय समितीकडे, त्यांच्यावर जिल्हा समितीकडे. आपल्या राज्यात अनुसूचित क्षेत्रात 2020 पासून राज्यपालांच्या अधिसूचनेने जिल्हा समितीच्या निर्णयावरसुद्धा विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील करता येतं, हे खूप जणांना माहीतच नाही आणि जिल्ह्याने नाकारलं की फाईल बांधून ठेवतात. तुमच्या पाड्यात असं कुणाचं गाठोडं पडलेलं असेल तर ते काढा बाहेर.

आणि तोवर कुणी उठवायला आलं तर? कलम 4 चं पाचवं पोटकलम पाठ करून ठेवा, दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून हटवता येत नाही. 13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला होता की ज्यांचे दावे नाकारले त्यांना काढा, तेव्हा पाड्यापाड्यावर घबराट झाली होती, पण त्याच महिन्यात 28 तारखेला कोर्टाने स्वतःच तो थांबवला. त्या जुन्या बातमीचा फोटो दाखवून अजून लोकांना घाबरवतात म्हणून लिहिलं. अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 ची जी दुरुस्ती झाली त्यात आदिवासीच्या वनहक्काच्या वापरात आडकाठी करणं हा गुन्हा म्हणून घातलेला आहे, हे पण लक्षात असू द्या. शेत मोडायला आले तर एकट्याने हातघाईवर येऊ नका, व्हिडिओ काढा, ग्रामसभा बोलवा, लेखी तक्रार द्या.

मंजुरीचा कागद आला की नाचण्याआधी वाचा. घरटी पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने पाहिजे, फक्त गड्याचं नाव असेल तर दुरुस्तीला लगेच अर्ज. एकटी बाई कुटुंब चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. पट्टा वारसाने जातो, विकता किंवा गहाण ठेवता येत नाही, तर सावकाराला सांगून ठेवा. सामूहिक कागदात बघा की हक्क ग्रामसभेच्या नावाने दिलाय का, कारण काही ठिकाणी दुसऱ्याच समितीचं नाव घुसवलेलं मी बघितलंय. क्षेत्र मागितलं तेवढं आहे का, शिवफेरीतला ओहोळ आहे का, आणि कायद्यात नसलेल्या अटी टाकल्यात का. कमी आलं असेल तर अपिलाच्या मुदतीची घाई तिथेपण आहेच. अंतिम नकाशा करून महसूलच्या आणि जंगलाच्या रेकॉर्डला नोंद तीन महिन्यांच्या आत व्हायला पाहिजे, तलाठ्याकडे चकरा मारायला एक माणूस ठरवून द्या.

मग ग्रामसभेने जंगल राखायची समिती नेमायची, ग्रामसभेचं बँक खातं आणि पॅनकार्ड काढायचं, कुठे चराई बंद, कुठे बांबू तोडायचा, आग लागली तर कुणी धावायचं हे ठरवायचं. गौण वनोपजाच्या वाहतुकीचा पास हीच समिती देते, त्याचं पासबुक छापून घ्या.

आमच्या पाड्याची फाईल आता आज्याच्याच पत्र्याच्या पेटीत आहे. पेटी दरवर्षी वेगळ्या घरात ठेवतो आणि नवीन घरात जाताना ग्रामसभेत आतले सगळे कागद एकेक करून वाचून मोजतो, गेल्या वेळी एकशे बारा भरले. बारा रुपयांची पावती सगळ्यात वर असते, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि लॅमिनेट करू नका म्हणून मीच सांगितलंय, शिक्का कागदाच्या मागच्या बाजूने बघायला लागतो.